बडोद्यात एकच दिवस असेल तर: राजवाडा की कमाटीबाग?

पुण्या-नाशिककडचे पाहुणे बडोद्याला येतात ते ठरवूनच: "लक्ष्मी विलास बघू आणि संध्याकाळच्या गाडीनं निघू." मी दांडिया बाजारात वाढलो, त्यामुळे दरवर्षी दोन-तीनदा तरी हा बेत माझ्या पुढ्यात येतो. पूर्वी मी मुकाट्यानं राजवाड्याच्या फाटकाशी नेऊन सोडायचो. आता आधी विचारतो, सोबत कोण आहे आणि चालवतं किती?

राजवाडा आणि कमाटीबागेतलं म्युझियम ही दोन्ही ठिकाणं नीट बघायची तर प्रत्येकाला अर्धा दिवस लागतो. एका दिवसात दोन्ही करणारे चारच्या सुमाराला कुठल्यातरी पायरीवर बसलेले दिसतात, आणि दुसऱ्या ठिकाणाचं त्यांना फक्त पंखे कुठे होते एवढंच आठवतं.

आधी राजवाडा. तिसऱ्या सयाजीरावांनी बांधवून घेतलेला हा वाडा १८९० मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिला असेल तर ओळख पटेल, तोही याच मँटचा. आपली गणितं चुकली आहेत, इमारत कोसळणार, या धास्तीनं त्याला पछाडलं होतं अशी कथा इथे सांगतात. तो १८८१ मध्ये वारला आणि काम रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदानं पुरं केलं. वाडा अजून ठणठणीत उभा आहे. बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे हे वाक्य कुणीतरी तुम्हाला हमखास ऐकवेल. मोजलं कुणी, हे विचारू नका.

आत ऑडिओ गाइड देतात, तो कानाला लावा. नाहीतर दरबार हॉल म्हणजे नुसता मोठा, रिकामा दिवाणखाना वाटतो. बेल्जियमच्या रंगीत काचा, व्हेनिसच्या धर्तीची मोझॅकची जमीन, फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे, हे सगळं कुणी सांगितलं की मगच दिसायला लागतं. आत फोटो काढू देत नाहीत. राजघराणं अजून तिथेच राहतं, त्यामुळे पाहायला मिळतो तो वाड्याचा थोडा भाग. सोमवारी बंद. तिकीट म्युझियमच्या कितीतरी पट, आणि आवारातलं फत्तेसिंग म्युझियम बघायचं तर त्याचं वेगळं.

माझं मत विचाराल तर ते वेगळं तिकीट काढाच, कारण राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत. सयाजीरावांनी दरबार हॉलसाठी त्याच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं करून घेतली होती. पुढे त्यानं मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसल्या. माझ्या एका आत्याला चित्रासमोर उभं केलं तर ती पटकन चप्पल काढायला वाकली. छापील चित्र पाहून वाढलेल्या माणसानं मूळ तैलचित्रातल्या साडीचा काठ एकदा तरी जवळून बघावा.

कमाटीबागेचं गणित वेगळं. स्टेशनवरून चालत जाता येतं, सामान हलकं असेल तर रिक्षाही नको. कागदोपत्री ती सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा. विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये झालेली ही बाग. नदीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मधोमध. पुलावरून खाली बघणारी माणसं दिसली की समजावं, एखादी वर आली आहे. (मुलांना राजवाड्यापेक्षा हेच जास्त आठवणीत राहतं, असा माझा अनुभव आहे.)

बागेतलं म्युझियम १८९४ चं. इथे इजिप्तची ममी आहे आणि १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. शाळेच्या सहली या दोघांसाठीच येतात आणि खिदळत निघून जातात. थांबण्यासारखं आहे ते अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्तींपाशी. अकोटा म्हणजे आज फ्लॅट आणि स्टेडियमचं उपनगर, पण तिथे जमिनीखाली दीड हजार वर्षांपूर्वीच्या काळातल्या मूर्ती निघाल्या. शेजारच्या चित्रदालनाची कथाही ऐकण्यासारखी आहे: इमारत १९१४ मध्ये तयार झाली, तेवढ्यात महायुद्ध पेटलं, युरोपातली चित्रं तिकडेच अडकली, आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं.

मात्र मांडणी जुनी आहे, पाट्या जुजबी, उन्हाळ्यात आत घामाघूम व्हायला होतं. राजवाड्यातली टापटीप इथे शोधू नका.

मग कुणी काय निवडावं? पहिल्यांदाच येताय, सोबत लग्नात भेटतात तसे आठ-दहा नातेवाईक आहेत, फाटकाशी ग्रुप फोटो हवाय, तर राजवाडा. नाहीतर घरी गेल्यावर "बडोद्याला जाऊन राजवाडा नाही पाहिला?" हे ऐकावंच लागेल. मुलं लहान असतील, खिशाचा विचार असेल किंवा राजवाडा एकदा झाला असेल तर कमाटीबाग, बिनधास्त.

पण तुम्ही दोघं-तिघंच असाल आणि जिना चढायची तयारी असेल, तर मी तिसरंच सुचवीन. म्युझियम सकाळीच, मोजकं तेवढं बघून आटपा, चित्रदालन सोडलं तरी चालेल. तिथून जवळच कीर्तिमंदिर आहे. सयाजीरावांच्या हीरक महोत्सवाच्या निमित्तानं १९३६ मध्ये बांधलेलं, गायकवाडांचं स्मारक. आतल्या भिंतींवर बंगालचे चित्रकार नंदलाल बसूंनी गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं चरित्र आणि टागोरांचं नाटक नटीर पूजा रंगवलंय. मान वर करून बघावं लागतं, मान दुखते.

मग रावपुऱ्यात तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे लाकडी घर. बाहेरून पाहिलं तर पुण्याच्या पेठेतला एखादा वाडा चुकून इथे आल्यासारखा. आत भिंतींवर चित्रंच चित्रं: कृष्णाच्या लीला, रामायण, मराठे-इंग्रजांची लढाई. दिवाणसाहेब रोज जेवून वामकुक्षीला जाताना तोफा बघत असतील का, असा विचार माझ्या मनात दरवेळी येतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, गर्दी जवळजवळ नसते. जिने अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजल्यावरच थांबावं.

तिथून दांडिया बाजार चालत. शेवउसळ खा, तिखट सांगून घ्या, नाहीतर पाहुणा बघून कमी घालतात. चार वाजता अंगात जोर उरला असेल तर रिक्षा करून राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंग म्युझियमपुरतं जा. फाटकाशी फोटोही होईल. पावागड-चांपानेर मात्र याच दिवसात कोंबू नका, ते पन्नास किलोमीटरवर आहे. त्यासाठी एक रात्र मुक्काम वाढवा.