पद्मिनीला पॉवर ब्रेकचं किट बसवलं, घ्यायचं का नाही ते सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई असेल तो मोकळा. किट घेण्यासारखं आहे, पण ज्या कारणासाठी सगळे घेतात त्या कारणासाठी नाही. ब्रेक "पॉवरफुल" होतील म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा आणि आधी ड्रम-लायनर (चाकातला ब्रेकचा ड्रम आणि त्याला आतून घासणारं अस्तर) करून घ्या. पाय दुखतो, घरात म्हातारं माणूस गाडी चालवतं, किंवा तुमच्या गाडीत अजून जुना एका लाईनीचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलतो तो) आहे, असं काही असेल तर मात्र जरूर घ्या.

गाडी आमची प्रीमिअर पद्मिनी, ८६ चं मॉडेल, नानांनी घेतलेली, हातगिअरवाली, १०८९ सीसी पेट्रोल. पाचोऱ्याला असते. चारी चाकांना ड्रम, बूस्टर (पायाला हवेच्या दाबाची मदत देणारा डबा) वगैरे काही नाही, पायात जेवढी ताकद तेवढा ब्रेक. नाना आता सत्तरीपुढे गेले, गुडघा साथ देत नाही, पण गाडी दुसऱ्याला चालवू देतील तर शप्पथ. जळगावच्या ट्रॅफिकमध्ये पुढे केळीचा ट्रक थांबला की नाना स्टिअरिंगला धरून सीटवरून अर्धे उठायचे ब्रेक मारायला, आणि शेजारी बसून माझाही पाय खाली पत्र्यावर दाबला जायचा. म्हणून हा सगळा खटाटोप.

किट ऑनलाईन मागवलं, कुरिअर धरून साडेचौदा हजाराला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. खोक्यात निघालं काय तर सात इंची व्हॅक्यूम बूस्टर, त्याच्यापुढे टँडम मास्टर सिलिंडर, एक जाड पत्र्याचं ब्रॅकेट, वनवे व्हॉल्व्ह, मीटरभर होज, पुशरॉड आणि नटबोल्टाची पुडी. माहितीचा कागद म्हणाल तर एक झेरॉक्स, त्यावर बाणाचं चित्र, ते पण उलटं छापलेलं. एवढे पैसे घेता तर दोन पानं मराठीत नाही तर हिंदीत लिहून द्यायला काय होतं राव.

काम करून घेतलं जळगावला, अजिंठा चौफुलीकडच्या एका जुन्या मिस्तरींकडे. त्यांनी फियाटी आणि अँबॅसिडर सोडून आयुष्यात दुसरं काही खोललं नसावं. खोकं उघडून बघितलं, बाजूला ठेवलं, आणि म्हणाले, "दादा, पहिले डरम देख, मंग बूस्टरनं नाव ले." मला वाटलं काम वाढवताहेत. पण चारी ड्रम काढल्यावर आत जे निघालं ते बघून मी गप्पच बसलो. पुढचे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले, मागचा एक व्हील सिलिंडर जाम, म्हणजे ते चाक ब्रेक लावतच नव्हतं, आणि एका ड्रमला आतून कडेला बोटाला लागेल एवढी कड आलेली. म्हणजे नाना एवढी वर्षं तीन चाकांवरच ब्रेक मारत होते. ड्रम लेथवर फिरवून आणले, लायनर नवे, सिलिंडरचे रबर कप बदलले, पुढचे होज पाईप फुगत होते ते टाकून दिले. त्याचे साडेचार हजार वेगळे. आणि आता खरं सांगतो, बूस्टर न लावता एवढ्यावरच गाडी चालवून बघितली तर ब्रेकमध्ये निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडला होता. ज्याला बजेट कमी आहे त्याने इथेच थांबलं तरी चालेल, गाडी साधारण नऊशे किलोची आहे, ती काय ट्रक नाही.

आता बूस्टर नेमकं करतं काय ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं ते ब्रेकचा जोर वाढवणारं काही मशीन आहे. डब्यात मधोमध रबराचा पडदा असतो. इंजिन चालू असताना थ्रॉटलच्या खाली जी ओढ (म्हणजे व्हॅक्यूम) तयार होते ती पाईपाने दोन्ही बाजूंना पोचलेली असते. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत घुसते, तीच ती फुस्स आवाज करते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. सात इंची पडद्यावर चांगली ओढ असेल तर दीडशे किलोच्या आसपास जोर नुसत्या हवेचा मिळतो, तेवढा तुमच्या पायाचा वाचला. बस एवढंच. लायनर ड्रमला किती धरतंय, टायर रस्त्याला किती धरतंय, त्याच्याशी बूस्टरला देणंघेणं नाही. टक्कल पडलेल्या टायरवर बूस्टर लावलं तर गाडी फक्त जास्त सहज घसरेल.

मला या किटमध्ये सगळ्यात आवडलेली वस्तू बूस्टर नाहीच, टँडम मास्टर सिलिंडर आहे. आमच्या जुन्यात चारी चाकांना एकच लाईन होती, कुठेही एक पाईप फुटला, एक कप गेला की पेडल सरळ जमिनीला आणि मग हँडब्रेक आणि देवाचं नाव. टँडममध्ये आत दोन पिस्टन, दोन कप्पे, पुढच्या चाकांची लाईन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तर पेडल खोल जाईल, गाडी लांब जाऊन थांबेल, पण थांबेल. घेताना एक मात्र विचारून घ्या, सिलिंडर चारी ड्रमचा आहे का पुढे डिस्क असलेल्या गाडीचा. आमच्यात आलेला डिस्कवाल्या छोट्या गाडीचा होता असं मिस्तरींचं म्हणणं पडलं. ड्रमला लाईनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असला की कप नीट बसून राहतात, तो यात पुढच्या लाईनीला नव्हता. शू (लायनर ज्याच्यावर बसतं ती कमान) नीट ॲडजस्ट केल्यावर आणि नवे कप असल्यामुळे चाललं, पण पहिल्या दाबाला पेडल अजूनही किंचित खाली जातं, ते मला खटकतं.

फिटिंगमध्ये दोन ठिकाणी घोळ झाला आणि दोन्ही किटचेच. एक, ब्रॅकेटची भोकं. चारपैकी दोन भोकं फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या) भोकांना जुळेनात, "डायरेक्ट फिट, नो कटिंग" असं जाहिरातीत लिहिलेलं असताना. मिस्तरींनी भोकं लांबवली, खालून एक पट्टी वेल्ड करून जोर दिला, कारण ब्रेक मारताना सगळा भार त्या पत्र्यावर येतो, तिथे पत्रा वाकत असेल तर पाय दाबतोय आणि सिलिंडरच पुढे सरकतोय असा प्रकार होतो. दुसरा घोळ जास्त वाईट. पुशरॉड लांब होता. सगळं बसवून एक चक्कर मारली, इच्छादेवी चौकापर्यंत जाऊन आलो तोवर गाडी ओढेना, क्लच सडलाय का काय असं वाटायला लागलं. उतरून बघतो तर पुढच्या चाकांना हात लावता येईना एवढी तापलेली. बूस्टरमधून येणाऱ्या दांडीचं टोक आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात कागदाच्या जाडीएवढी का होईना फट पाहिजे असते. ती नसली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत जायचं छोटं भोक झाकलेलं राहतं, आणि दर दाबाला ब्रेक थोडाथोडा जास्त धरत जातो. दांडी ॲडजस्टेबल आहे म्हणून वाचलो, पण हे झेरॉक्सवर लिहायला नको का? एखाद्या नवख्याने बसवून हायवेला काढली असती तर जाम ब्रेकवर लायनर पेटायचे बाकी.

ओढ घ्यायला मिस्तरींनी इंजिनला भोक पाडलं नाही हे फार आवडलं. कार्ब्युरेटर आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट घातली, लेथवर बनवून घेतलेली, तिच्यात होज लावायला निपल. उद्या काढून टाकावंसं वाटलं तर गाडी होती तशी परत होते. किटबरोबर आलेला होज मात्र फेकला, तो पेट्रोलच्या पाईपासारखा मऊ होता, गरम झाला की ओढीने आतल्या आत चपटा होतो. आपल्याकडे मे महिन्यात बॉनेटखाली काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून चालवणारी माणसं आपण. जाड व्हॅक्यूम होज वेगळा घेतला. वनवे व्हॉल्व्हचा बाण इंजिनकडे पाहिजे, त्या उलट्या चित्राकडे बघून लावू नका. आणि ब्रेकच्या लाईनी नव्या करताना कोणी तांब्याची नळी लावतो म्हणाला तर नको म्हणा, स्टीलची बंडी पाईप (ब्रेकसाठीच मिळते ती नळी), तोंडाला डबल फ्लेअर, म्हणजे तोंड दुहेरी दुमडून पसरवलेलं.

ब्रेकच्या लाईनीतली हवा काढताना सगळ्यात लांबचं चाक आधी. आपला सिलिंडर उजव्या अंगाला, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्यात पोरगा पेडल मारतोय आणि मिस्तरी खालून ओरडताहेत हा कार्यक्रम बराच वेळ चालला. मजुरी साडेतीन हजार घेतली, वेल्डिंग आणि लेथ त्यातच. मला स्वस्त वाटलं. मध्ये दुपारी त्यांच्याच घरून आलेलं भरीत आणि कळण्याची भाकर पण खाल्ली, ते हिशोबात धरलेलं नाही.

रस्त्यावर कसं आहे म्हणाल तर गावात मजा आहे. पाय नुसता ठेवला की गाडी बसते, नाना खूष, पहिले दोन दिवस त्यांनी सवयीने जोरात मारून मारून मागच्या सीटवरच्या आईला पुढे आणलं एवढंच. ओल्या रस्त्यावर जपून, पेडल हलकं झाल्यामुळे चाक कधी जाम होतं ते पायाला आधीसारखं कळत नाही. मग चाळीसगावहून कन्नड घाट चढून उतरून आलो, खरी परीक्षा तीच. उतरताना सेकंड-थर्डमध्ये ठेवली आणि ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनची ओढ सगळ्यात जास्त असते, त्यामुळे बूस्टर तिथे झकास काम करतं. पण अर्ध्या घाटात ब्रेकचा तो जळका वास यायला लागला तो लागलाच. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते, पेडल खाली जातं, आणि यावर बूस्टरकडे काहीच इलाज नाही. घाट गिअरवरच उतरायचा, बूस्टर असो का नसो.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतंय. आपल्याकडे जुन्या ड्रायव्हर लोकांना उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. नाना पण त्यातलेच. बूस्टर लावल्यावर हे म्हणजे मरणाला आमंत्रण. इंजिन बंद झालं की डब्यात साठलेल्या ओढीवर दोन-तीन दाब मिळतात, त्याच्यानंतर पेडल दगड, आणि ते आधीच्या बिनबूस्टरच्या पेडलपेक्षा पण कडक लागतं कारण मधल्या सगळ्या यंत्राला पण तुम्हालाच ढकलायचं असतं, शिवाय नव्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोठा असेल तर त्याचाही भार. तिकडे शिरपूरच्या पुढे बिजासन घाटात ब्रेक गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतोच. नानांना हे समजवायला मला बूस्टर बसवण्यापेक्षा जास्त त्रास झाला, शेवटी मोकळ्या मैदानात इंजिन बंद करून पेडल मारायला लावलं तेव्हा पटलं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पाय दाबून ठेवा आणि गाडी चालू करा, पेडल पायाखालून थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर ओढ पोचत नाही. आणि गाडी बंद करून थोड्या वेळाने पहिला दाब मऊ लागला पाहिजे, कडक लागला तर वनवे व्हॉल्व्ह नाही तर होज बघा. बसवल्यावर आयडलिंग भरभर करायला लागलं तर कार्ब्युरेटरला नावं ठेवण्याआधी त्या प्लेटचं पॅकिंग बघा, आमचं तिथूनच हवा घेत होतं.

डिझेलवाल्यांनी हे किट असंच्या असं मागवू नका. डिझेल इंजिनाला अशी ओढ नसते, त्याला अल्टरनेटरच्या मागे लागतो तसला व्हॅक्यूम पंप पाहिजे, तो या किटमध्ये नाही आणि विकणारा स्वतःहून सांगत पण नाही. अमळनेरच्या एका मित्राने डिझेल अँबॅसिडरसाठी मागवलेलं खोकं तसंच माळ्यावर पडून आहे.

कंपनीला ब्रॅकेटचे आणि पुशरॉडचे फोटो पाठवलेत. ब्रॅकेट बदलून देतो म्हणाले, पुशरॉडबद्दल "सर ॲडजस्टेबल है" एवढंच. आम्ही आता वेल्ड केलेलं काढून परत कोण बसवणार. तुम्ही मागवणार असाल तर पैसे टाकायच्या आधी तुमच्या फायरवॉलच्या भोकांचं माप कागदावर काढून त्यांना पाठवा आणि चार ड्रमचा सिलिंडर देताय का ते लेखी घ्या. आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशनचं पाच वर्षांचं रिन्यूअल जवळ आलंय, त्याच्या आधी शू परत एकदा ॲडजस्ट करून पहिल्या दाबाचं बघायचंय, नाही जमलं तर सिलिंडरच बदलणार.