आधी बोअर की आधी हौद? नळ आठ दिवसांनी येणाऱ्या घरासाठी

लातुरात पाणी सुटायच्या आधी तोटीतून हवा फुसफुसते. तो आवाज आला की सगळं घर उठतं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. आमच्या भागात हा आवाज आठवड्यातून एकदा येतो आणि मांजरा धरणाचं पाणी खाली गेलं की त्याहून उशिरा. माझ्या मावसबहिणीनं नुकतीच घर बांधायला जागा घेतली. तिनं विचारलं, "ताई, आधी बोअर पाडू का हौद बांधू?" तिला जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिल्यांदा आपला आकडा काढा. शहरांसाठी माणशी रोज 135 लिटरचा निकष आहे. पाच माणसांचे 675 लिटर झाले. तेवढं आम्ही वापरूच शकत नाही. जपून वापरलं तर आमचं 400 लिटरमध्ये भागतं. आठ दिवसांचा खंड आणि वर दोन दिवस हाताशी, म्हणजे 4,000 लिटर साठवण हवी.

जागा स्वतःची असेल तर माझं मत हौदाला. लांबी 6 फूट, रुंदी 5 फूट आणि पाण्याची उंची 5 फूट धरली तर 4,250 लिटर मावतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की नळाला दाब नसला तरी पाणी आपसूक हौदात पडतं. गच्चीवरच्या टाकीत ते चढत नाही. मग लोक नळाच्या लाईनलाच मोटर लावतात. हे कृपा करून करू नका. शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो तो पडतोच, शिवाय त्या ओढीनं फुटक्या जोडातून गटाराचं पाणी पाईपात शिरतं आणि तेच आपल्या घरात येतं.

हौदाचा खर्च जास्त, पण एकदाच. बांधताना संडासाच्या टाकीपासून जमेल तेवढं लांब जा, कारण जमिनीखालची चीर दिसत नाही. झाकण अंगणापेक्षा वीतभर उंच घ्या, म्हणजे पावसाचं घाण पाणी आत जाणार नाही. तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे छोटा खड्डा ठेवा, गाळ तिथेच बसतो. घरात लहान मूल असेल तर झाकणाला कुलूप हवंच.

भाड्याच्या घरात हौद कुठला? तिथे हजार-हजार लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या जमिनीलगत ठेवा. घर बदललं की सोबत नेता येतात. गच्चीवर ठेवायच्या तर स्लॅबचा विचार करा, हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. आणि 2,000 लिटर पाच दिवसच पुरतं, हे धरून चाला.

बोअरबद्दल लोकांना फार आशा असते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत. भेग लागली तर लागली, नाहीतर शेजाऱ्याला भरपूर आणि आपल्याला धूळ. लागलं तरी ते बहुधा जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग आणि गीझरच्या कॉइलवर थर. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे: एप्रिल-मे महिन्यात नळ लांबतो, तेव्हाच बोअरही खोल जातो. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले बोअर एकामागून एक बंद पडले. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी. बोअर जोडीला असू द्या, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

टँकर अडीअडचणीला ठीक. पण 5,000 लिटरचा टँकर दारात आला आणि घरात चार ड्रम असतील तर तो ओतणार कुठे? टँकरसाठीसुद्धा आधी साठवण लागते. पाणी कुठल्या विहिरीचं, हे विचारून घ्या आणि ते प्यायला वापरू नका.

बहिणीला एक गोष्ट आग्रहानं सांगितली. छताचं पाणी हौदाकडे वळवायचा पाईप बांधतानाच टाक. 600 चौरस फूट छतावर 50 मिलिमीटरचा एक दमदार पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून 2,200 लिटर तरी हाती लागतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला तोटी हवी, छतावरची धूळ-विष्ठा त्यात असते. पुढचंही पाणी वापरायलाच, प्यायला नाही.

साठवण कुठलीही असो, डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपल्या पाण्याचा खंडही नेमका तेवढाच. म्हणून ड्रमवर घट्ट कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. हौद दर आठवड्याला रिकामा होत नाही, त्यामुळे त्याच्या झाकणाला फट नको आणि हवेच्या पाईपाला बारीक जाळी बसवा.

आमच्या हौदात आईनं वेळूची काठी ठेवलीय, तिच्यावर दीड फुटावर तांबड्या रंगाची खूण. रोज सकाळी ती बुडवून बघते. ओल त्या खुणेच्या खाली दिसली की त्या दिवसापासून चादरी धुणं बंद, भांड्यांचं पाणी झाडांना आणि टँकरवाल्याला फोन. बहिणीच्या हौदासाठी तशीच एक काठी करून दिलीय.