रॉग्राफ्स वापरून बघितलं: ओपन आहे अगदी मनापासून, एकत्र कामाचं मात्र आपलं आपण बघायचं

वाचनालयाच्या नोंदींचा एक चार्ट करून हवा होता. कुठल्या वयाची माणसं कुठल्या विषयाची पुस्तकं नेतात आणि वेळेवर परत आणतात का, एवढंच. एक्सेलमध्ये बसले तर रंगीत खांबच खांब झाले, काही कळेना. मग एका इंटरॅक्शन डिझायनर मैत्रिणीने रॉग्राफ्स या ब्राउझरमध्ये चार्ट काढायच्या टूलची लिंक पाठवली, तेव्हापासून दोन-तीन महिने हेच वापरतेय.

आधी थोडी ओळख. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या डेन्सिटी डिझाइन नावाच्या रिसर्च लॅबने हे २०१३ मध्ये काढलं, आणि २.० व्हर्जन २०२१ मध्ये आलं, तेही लोकांनी वर्गणी काढून दिलेल्या पैशातून. फुकट आहे, लॉगिन नाही, कोड सगळा उघडा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुमचा डेटा त्यांच्या सर्व्हरवर जातच नाही, सगळं काम तुमच्या ब्राउझरमध्येच होतं. वाचनालयाच्या यादीत लोकांची नावं असतात हो, ती कुठेतरी अपलोड करायची म्हटलं की माझा हात अडखळतो. (नावांचा कॉलम मी तरीही आधीच उडवला होता, सवय चांगली.)

आता खरी मजा. शीटमधून कॉपी करून डेटा पेस्ट करायचा, चार्ट निवडायचा, आणि मग जी स्क्रीन येते तिथे डिझाइन करणाऱ्याला सलाम करावासा वाटतो. एका बाजूला तुमचे कॉलम, दुसऱ्या बाजूला त्या चार्टला काय काय लागतं त्याचे रिकामे डबे, कॉलम उचलायचा आणि डब्यात सोडायचा. मी अल्युव्हियल डायग्राम घेतला, म्हणजे नदीचे फाटे फुटावेत तसे पट्टे असतात ना, तो. त्यात वयोगट टाकला, मग विषय, मग वेळेवर की उशिरा, आणि पट्टे पसरत गेले. क्रम बदलला की गोष्टच बदलते. विषय आधी ठेवला तर प्रवासवर्णनं कोण नेतं ते दिसतं, वय आधी ठेवलं तर मुलं काय वाचतात ते. बाकीच्या टूलमध्ये चार्ट आपोआप होतो आणि आपण मान डोलवतो, इथे प्रत्येक डब्यापाशी थांबून विचार करावा लागतो की मला नक्की काय विचारायचंय.

माझी फजिती पण सांगते. पहिल्या चार्टमध्ये ‘लहान मुलं’ असे दोन वेगळे पट्टे आले. अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी कळलं की काही ओळींत मी शब्दानंतर चुकून एक स्पेस दिली होती, ती डोळ्यांना दिसत नाही पण कॉम्प्युटरला दिसते. चूक सगळी माझीच, पण चार्टनेच ती उघडी पाडली हे खरं. अजून एक, वर्षाच्या कॉलमला ते संख्या समजतं, तेव्हा कॉलमच्या डोक्यावरच्या बारक्या चिन्हावर क्लिक करून प्रकार बदलून घ्या, नाहीतर पुढे कोड्यात पडाल.

चार्टचे प्रकार तीसेक आहेत. स्ट्रीमग्राफ, बीस्वार्म, सनबर्स्ट, नावंही गंमतशीर. नकाशे मात्र नाहीत, त्याला दुसरं टूल शोधा. आणि बाहेर पडतं ते स्थिर चित्र, एसव्हीजी किंवा पीएनजी, माउस नेला की आकडा दिसेल असलं काही नाही. एसव्हीजी म्हणजे रेषा-आकार सुटे सुटे ठेवणारी फाइल, त्यामुळे इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून अक्षरं, रंग हवे तसे करता येतात, मला तेच जास्त सोयीचं वाटलं.

आता एकत्र काम करण्याबद्दल. इथे दोघींनी एकाच वेळी एका चार्टवर बसायची सोय नाही. प्रोजेक्ट फाइल सेव्ह करायची, मैत्रिणीला पाठवायची, तिने उघडायची. आमच्याकडे लगेच ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ अशा फायली झाल्या आणि तिने रंग बदललेत की मी, यावरून वाद. आयबीएमच्या रिसर्चवाल्यांनी, फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी, २००७ मध्ये मेनी आइज काढलं होतं, तिथे कुणीही डेटा टाकायचा, कुणीही त्याचा चार्ट करायचा आणि खाली चर्चा करायची. कल्पना भन्नाट, पण २०१५ मध्ये ते बंद झालं. म्हणून मला रॉग्राफ्सचा हा साधेपणा परवडतो. उद्या त्यांची साइट नसली तरी कोड उतरवून कुणीही आपल्या मशिनवर चालवू शकतं, आणि माझी फाइल माझ्याकडेच आहे.

चर्चेची सोय आम्ही मग कागदावर केली. तो चार्ट मोठा छापून काउंटरशेजारी लावला, दोरीला पेन्सिल बांधली. आठवड्यात कुणीतरी बारीक अक्षरात लिहून गेलं, ‘परीक्षेच्या महिन्यात मुलं येतच नाहीत, ते महिने वेगळे दाखवा.’ बरोबर होतं. महिन्याचा कॉलम होताच शीटमध्ये, मी तो कुठल्याच डब्यात टाकला नव्हता.