दीनबंधू गोबरगॅस, दोन घनमीटर: चार वर्षांच्या वापरानंतर

आमचे गाव राधानगरीच्या लक्ष्मी तलावाच्या वरच्या अंगाला आहे आणि गावाच्या पाठीमागे दाजीपूरचे जंगल सुरू होते. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेल्या या जंगलातून लाकूड आणण्यास मनाई आहे, त्यामुळे जळणाचा सगळा भार मालकीच्या रानांवर पडतो. चैत्र-वैशाखात घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू झाली की जांभूळ, अंजनी आणि ऐनाच्या फांद्या पडवीत आढ्यापर्यंत रचल्या जातात, आणि उतारावरची झुडपे खरवडली गेलेल्या जागेवरून पहिल्याच वळवात तांबडे पाणी ओढ्यातून तलावाकडे निघते. दोन म्हशी, एक गाय आणि सहा माणसांच्या आमच्या घराने चार वर्षांपूर्वी परड्यात रोज दोन घनमीटर वायू देणारे दीनबंधू गोबरगॅस संयंत्र बांधले, त्यामागे मुख्यतः हे जळणच होते.

‘ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ या संस्थेने १९८४ मध्ये तयार केलेल्या या नमुन्यात विटांचा घुमट जमिनीखाली असतो. जुन्या खादी आयोगाच्या नमुन्यातील लोखंडी टाकी वर-खाली होत असे आणि काही वर्षांत गंजत असे. येथे हलणारा भाग एकही नाही, म्हणून खर्चही कमी येतो. मात्र या घुमटाचे सगळे यश गवंड्याच्या हातात आहे. आतल्या गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी वायू निघून जातो, म्हणून ज्याने आधी असे घुमट बांधले आहेत आणि जे चालू आहेत, असाच गवंडी शोधावा. आमच्या गवंड्याने घुमट उत्तम बांधला, पण स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या नळीला उतार द्यायला तो विसरला. वायूबरोबर येणारी वाफ थंड होऊन नळीच्या खोलगट भागात पाणी साचू लागले आणि शेगडीची ज्योत उचक्या देऊ लागली. सखल जागी पाणी काढण्याची तोटी बसवल्यावर ती तक्रार मिटली.

पहिल्या भरणीला धीर लागतो. रोजचे शेण टाकीत चाळीस दिवस राहते या हिशेबाने तिच्यात सुमारे दोन टन शेण आणि तितकेच पाणी मावते, आणि एवढे शेण एका गोठ्यातून निघत नाही. आम्ही भावकीतून पाट्या गोळा केल्या. पहिला वायू बहुतांश कार्बन डायऑक्साइड असल्याने पेटत नाही. तो सोडून द्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत लागली तेव्हा आईने चहाच्या आधी फुकणी उचलून माळ्यावर टाकली.

त्यानंतरचा रोजचा हिशेब सरळ आहे. सुमारे पन्नास किलो शेण तितक्याच पाण्यात कालवून सोडले की दोन घनमीटर वायू मिळतो, आणि तो साधारण सात किलो लाकडाचे काम करतो. सिलिंडरच्या भाषेत सांगायचे तर १४.२ किलोची एक टाकी सोळा-सतरा दिवसांत वाचते. भाकरी, आमटी, भात आणि दोन वेळचा चहा एवढे यात आरामात होते. सिलिंडरची शेगडी मात्र यासाठी चालत नाही, कारण गोबरगॅसच्या बर्नरची भोके मोठी लागतात. मिथेनचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असल्याने आच थोडी मंद वाटते, पण भाकरी चांगली फुगते.

उणिवा ऋतूंच्या आहेत. टाकीतील जिवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, त्यामुळे पौषात वायू स्पष्टपणे घटतो. सकाळी कोमट पाण्यात शेण कालवल्याने थोडा फरक पडतो. पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या मळीच्या खड्ड्यावर छप्पर नसेल तर सगळे खत वाहून जाते. पहिल्या वर्षी आमचे तसे झाले. आता तीच मळी भाताच्या खाचरात जाते.

खरी अडचण मात्र संयंत्रात नाही, न्हाणीघरात आहे. आमच्याकडे सहा माणसांचे आंघोळीचे पाणी बंबात तापते, आणि मोजून पाहिले तेव्हा लक्षात आले की चूल बंद झाल्यावरही पावसाळी दिवसात बंब पाच-सहा किलो लाकूड खातो. दोन घनमीटरमध्ये स्वयंपाक आणि बंब दोन्ही भागत नाहीत. सौर बंबाला आमच्याकडच्या पावसात आषाढ-श्रावणात ऊन मिळत नाही. म्हणून आम्ही खालच्या गावांतून उसाच्या पाचटाच्या कोळशाच्या वड्या आणतो. फडात जाळून टाकले जाणारे पाचट बंद पिंपात कोळसवून त्याच्या वड्या पाडण्याचे तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने विकसित केले आणि २००२ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. या वड्यांचा धूर जवळजवळ नाही, पण त्यांतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही म्हणून न्हाणीघराचे दार उघडे ठेवावेच लागते.

पाचपैकी चार गुण देतो. ज्यांच्याकडे तीनपेक्षा कमी मोठी जनावरे आहेत त्यांनी एक घनमीटरचेच बांधावे, उपाशी टाकी वायू देत नाही. आणि ज्यांचा गोठा पाण्यापासून लांब आहे त्यांनी रोज पन्नास लिटर पाणी कोण आणणार हे आधी घरात ठरवावे, कारण ते बहुधा घरातील बाईच्याच डोक्यावर येते. पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी बांधकामाला हात घालण्यापूर्वी करावी. पडवीत यंदा लाकडाची रास कमरेपर्यंतच आहे आणि ती सगळी बंबाची आहे.