पीएच.डी.साठी मुंबई विद्यापीठ की पुणे विद्यापीठ?

इतिहास, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रात एम.ए. झाले आहे, पीएच.डी. करायची आहे आणि मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणी मार्गदर्शक मिळण्याची शक्यता आहे, असा पेच पडलेल्यांसाठी हे लिहीत आहे. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, शुल्क यांची माहिती सहज मिळते, म्हणून तिच्यात शिरत नाही. इतिहासातले एम.ए. मी मुंबईत केले आणि पीएच.डी. पुण्यात, तेव्हा माझे मत अगदीच तटस्थ असेल असे नाही.

ही विद्यापीठे कशी वाढली, यावर संशोधकाचा दिवस कसा जातो हे बरेचसे अवलंबून असते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते आणि ती महाविद्यालये एकेकाळी सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेली होती. रानडे आणि भांडारकर हे १८६२ चे पदवीधर याच व्यवस्थेतले. विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग बऱ्याच उशिरा आले. समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याला देशभर नाव मिळवून दिले. फोर्टातली जागा अपुरी पडल्यावर बहुतेक विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत गेले, पण राजाबाई टॉवरचे जुने ग्रंथालय फोर्टातच राहिले. १९३३ मध्ये सुरू झालेला माटुंग्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग तर २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ होऊन वेगळाच झाला.

पुणे विद्यापीठ १९४९ चे, म्हणजे मुंबईच्याच कार्यक्षेत्रातून निघालेले. त्याला गणेशखिंडीतले गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान आणि भोवतालची चारशेहून अधिक एकर जागा मिळाली. त्यामुळे विभाग, वसतिगृहे आणि पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय हे सगळे एकाच कुंपणात वाढले. पुढे आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था याही त्याच आवारात आल्या. एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञानशिक्षण-संशोधनाची संस्था पाषाणला, म्हणजे जवळच. मुंबईत मात्र अशा संस्था विखुरलेल्या: मूलभूत संशोधनाची टीआयएफआर कुलाब्याला, अणुसंशोधनाची बीएआरसी तुर्भ्याला आणि आयआयटी पवईला आहे. संलग्न महाविद्यालयांचा पसारा आणि त्यापायी प्राध्यापकांवर पडणारा परीक्षांचा बोजा दोन्हीकडे सारखाच आहे, त्यात डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.

माझ्या दृष्टीने निर्णायक ठरली ती संध्याकाळ. मी डोंबिवलीला राहत होतो. वर्ग कलिन्याला रानडे भवनात, पण हवा असलेला जुना अहवाल फोर्टात, हे नेहमीचेच होते. सकाळी सीएसएमटी गाठायचे, दुपारी उलट कुर्ल्याला येऊन बस किंवा शेअर रिक्षाने कलिन्याला जायचे आणि पाच वाजायच्या आत पुन्हा कुर्ल्याला पोहोचायची घाई करायची, कारण त्यानंतर झेरॉक्सच्या गठ्ठ्यांनी फुगलेली सॅक छातीशी धरून कल्याण लोकलमध्ये शिरणे म्हणजे कसरतच. हा दोष शहराचा आहे, विद्यापीठाचा नव्हे. परंतु संशोधनात एखादा धागा हाती लागतो तो बहुधा दिवस संपताना, आणि नेमक्या त्याच वेळी मी मनातल्या मनात गाड्यांचे वेळापत्रक चाळत असे. पुण्यात वसतिगृहाची खोली मिळाल्यावर जयकरमधून उठून जेवायला जायचे आणि जेवून पुन्हा त्याच टेबलाशी यायचे, एवढेच अंतर उरले. माझ्या प्रबंधाची अवघड प्रकरणे अशा रात्रींतच लिहून झाली, असे मला वाटते. मोजमाप विचाराल तर माझ्याकडे नाही.

मुंबईच्या बाजूचे मोठे वजनही सांगायला हवे. राज्य पुराभिलेखागार, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचे जुने ग्रंथालय फोर्टात चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यावर काम करणाऱ्याला या तिन्हींना पर्याय नाही. पुण्यातही पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था आणि गोखले संस्था आहेत, पण माझी निम्मीअधिक कागदपत्रे मुंबईतच होती. तरीही मी डेक्कन क्वीनने जाऊन, नातेवाइकांकडे मुक्काम करून टिपणे घेऊन येत असे आणि लेखन पुण्यात करत असे. कागद पाहणे टप्प्याटप्प्याने जमते, लिहिण्याला मात्र सलग वेळ लागतो, निदान मला तरी लागला.

विषयच गिरणगाव, गोदी किंवा महानगरपालिका यांच्यासारखा असेल आणि लोकांना वारंवार भेटावे लागणार असेल, तर हा हिशेब उलटतो आणि मुंबईच बरी. पुण्यातही सगळे गोड नाही: विद्यापीठ चौकातली वाहतूक कुणाच्याही सहनशक्तीची परीक्षा पाहते, आणि वसतिगृह सर्वांना मिळत नाही. औंध किंवा खडकीला भाड्याने खोली घ्यावी लागली, तर पुण्याचा हा फायदा बराच पातळ होतो. म्हणून मार्गदर्शकाला होकार देण्याआधी त्या विभागात सध्या पीएच.डी. करणाऱ्या एक-दोघांना वसतिगृहाची यादी कधी लागते आणि किती वर्षे राहता येते, हे विचारून घ्यावे. तिथून नन्नाचा पाढा ऐकू आला आणि तुमचे घर दादर-कुर्ल्याच्या आसपास असेल, तर मीही पुण्याचा आग्रह धरणार नाही.