दीड महिन्याच्या लशी: एकदम की दोन हप्त्यांत?

सरकारी वेळापत्रकात दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी तोंडातून पोलिओ आणि रोटाचे (जुलाबांवरच्या लशीचे) डोस, डाव्या मांडीत पेंटा (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर पोलिओची छोटी सुई. एवढुंशा जिवाला तीन सुया! आजीचा जीव कळवळणारच. मग प्रश्न येतो: आज दोन घेऊ, बाकीच्या पुढच्या वेळी?

एकदम घेतल्या तर रडारड एकदाच. रात्री अंग तापतं, मांडी लाल होते, बाळ किरकिरतं. ताप बहुतेक वेळा पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे येतो, म्हणजे लशी वाटून घेतल्या तरी तो टळत नाही. वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल आणि अंगावरचं दूध, एवढ्यावर बहुधा दोन दिवसांत निभावतं.

वाटून घेतल्या तर त्या दिवशीची एखादी सुई कमी, पण फेरी जास्त. गावात लसीकरणाचा दिवस महिन्यातून एकदाच असेल, तर 'पुढच्या वेळी' म्हणजे सरळ महिनाभर उशीर. त्यात सर्दी झाली, लग्न निघालं, की कार्डावरचा रकाना कोराच. आणि डांग्या खोकला सगळ्यात जीवघेणा ठरतो तो याच पहिल्या काही महिन्यांत.

'इतका भार झेपेल का?' ही भीती मला समजते, पण एवढंसं बाळही रोज याहून कितीतरी जास्त जंतूंशी झुंजतं. मी एकदमच घेईन. आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल तर मात्र आधी डॉक्टर.