एकही डाग नसलेलं कातडं

गेल्या पावसाळ्यात घरी हाताने लेदरची बॅग शिवायला घेतली आणि २,८२० रुपयांना बुडाले. पोलीस चौकीची पायरी चढावी एवढी रक्कम नाही. पण या छंदात नव्याने पडलेल्या आणखी दोघीतिघींकडून हुबेहूब हीच कहाणी ऐकली, म्हणून सगळं लिहून टाकते.

मी कोल्हापूरची. चप्पल लाईन, म्हणजे कोल्हापुरी चपलांचा बाजार, घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं जिथे पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून जातं, तिथे राहून मी कातडं मागवलं इन्स्टाग्रामवरून. काखेत कळसा म्हणतात तो हाच. माझं म्हणणं एवढंच होतं की चपलेचं कातडं जाड आणि ताठ, बॅगेला दोन मिलिमीटरचं, जरा लवचिक हवं.

त्या अकाउंटवर लिहिलं होतं, ‘आंबूरच्या टॅनरीतून थेट’. व्हेज टॅन (म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं), फुल ग्रेन (म्हणजे केसाकडचा, वरचा अखंड थर), दोन मिलिमीटर, २२० रुपये चौरस फूट. सोबत एक व्हिडिओ. लाल खड्याची जाड अंगठी घातलेला हात कातडाच्या तुकड्याला लायटर लावतो, थोडा धूर निघतो, प्लॅस्टिकसारखं काही वितळत नाही, आणि खाली अक्षरं येतात, ‘शंभर टक्के जेन्युइन लेदर’. मी १२ चौरस फूट सांगितलं, कुरिअरचे १८० धरून सगळे पैसे यूपीआयने आधीच पाठवले. बिल मागितलं तर उत्तर आलं, “पार्सलमध्ये आहे मॅडम.” नव्हतं.

माल मात्र बघून हरखले. तपकिरी रंग, पृष्ठभागाचा दाणा सगळीकडे एकसारखा, कुठे ओरखडा नाही, गोचिडीची खूण नाही, मानेकडच्या सुरकुत्या नाहीत. नवऱ्याला म्हटलं, बघ, एकही डाग नाही! खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. जनावर काटेरी झुडपांतून फिरलेलं असतं, माश्या-गोचिडींनी फोडलेलं असतं, त्याच्या पाठीवर हे सगळं उमटलेलं असणारच. नीट बघितलं असतं तर दिसलं असतं की तो दाणा वीतभर अंतराने पुन्हा तसाच्या तसा येतोय. म्हणजे छापलेला.

तशी चाचणी मीही केली. व्हिडिओत दाखवल्यासारखा एका कोपऱ्याला लायटर लावला, केस जळल्याचा वास आला, खूश झाले. पाण्याचा थेंब टाकला तर तो वरच मोत्यासारखा बसून राहिला. वाटलं, वा, पावसाळ्यात बरंच. व्हेज टॅनवर काही फिनिश चढवलेलं नसेल तर तो थेंब मुरतो आणि तिथे गडद डाग पडतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग कापलं. बॅगेच्या सगळ्या शिवणी मिळून अडीच मीटर, चार मिलिमीटरला एक भोक, म्हणजे सव्वासहाशे भोकं. प्रत्येक भोकातून दोन सुया, दोन्ही बाजूंनी, मेण लावलेला दोरा ओढून घट्ट करायचा. घरचं आटोपून रात्री दीडदोन तास बसायचे, एकवीस रात्री लागल्या. कापडाची शिवण उसवता येते. कातडाला पाडलेलं भोक कायमचं.

कडा घासायला घेतल्या आणि पहिली शंका आली. ओली करून लाकडाने घासली की व्हेज टॅनची कड काचेसारखी चमकायला लागते. माझी लोकरीसारखी पिंजत गेली. दोष कुणाला दिला? स्वतःच्या हाताला. विक्रेत्याला फोटो पाठवला तर तोही तेच म्हणाला, “फर्स्ट टाइम आहे ना मॅडम, हात बसायला वेळ लागतो.” मी आभार मानले! आज त्या आभारांची रकमेपेक्षा जास्त चीड येते. त्याचं सगळं गणितच यावर उभं होतं की शिकाऊ बाई मालावर नाही, स्वतःवर संशय घेईल.

बॅग तीन आठवडे टिकली. डबा, पाण्याची बाटली आणि छत्री एवढंच ओझं. पट्ट्याच्या मुळाशी भोकं लांबट होत एकमेकांत मिसळली, आणि पट्टा वाकतो तिथला रंग सापाच्या कातेसारखा सुटायला लागला.

शेवटी ती घेऊन चप्पल लाईनला एका जुन्या कारागिराकडे गेले. मामांनी चष्मा वर केला, रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या सुरीच्या, टोकाने कड जरा उकलली आणि वरचा पापुद्रा चिमटीत धरून ओढला. निघाला की पातळ प्लॅस्टिकचा तुकडा! “ताई, कातडं हाय, पण वरचं न्हवं. वरची साल दुसऱ्यानं नेली, खालचा गाळ तुमाला दिला.”

म्हशीचं जाड कातडं यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. केसाकडच्या थरात तंतू घट्ट विणलेले, सगळी ताकद तिथे. खालचा थर भुसभुशीत, त्याला म्हणतात स्प्लिट. स्प्लिट वाईट नसतं, मऊ लव असलेलं स्वेड त्याचंच करतात. पण त्यावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर चढवून, दाणा छापून फुल ग्रेनच्या भावात विकलं की झाली फसवणूक. ‘जेन्युइन लेदर’ हे शब्द त्यातही खोटे ठरत नाहीत, आणि लायटरही खोटं बोलत नाही, कारण तो लावला होता मागच्या, तंतूंच्या बाजूला. मामांनी पुढून लावला. पापुद्रा आक्रसला, काळा थेंब झाला, दुकानभर प्लॅस्टिकचा वास.

उरलेले तुकडे नि कागदी नमुने घेऊन मापही काढलं. एक फुटाचा चौकोनी पुठ्ठा कापून तो फिरवत मोजलं. १२ चौरस फुटांऐवजी साडेनऊच भरलं. प्रत्येक कातड्याची कड वेडीवाकडी, त्यामुळे लांबी गुणिले रुंदी करून माप सांगणाऱ्याकडून कातडं घेऊच नका. जाडी दीड मिलिमीटरच्याही आत.

बिलासाठी मागे लागले तेव्हा विक्रेत्याने त्याचा एक फोटो पाठवला. जीएसटी नंबर ०७ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. आंबूर तमिळनाडूत, तिथला असता तर ३३ असता. पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पिनकोडही ११०ने सुरू होत होता, तो मी आधी वाचलाच नव्हता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव कुणालाही दिसतं. निघालं एक प्लायवूडचं दुकान. हे विचारल्यावर, “कापलेला माल परत होत नाही,” एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोंद झाली, पण विक्रेत्याचा खरा पत्ताच नाही म्हटल्यावर गाडी तिथेच अडली. तुम्ही कापायच्या आधी कड उकला, पुढून चटका द्या आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ ठेवा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या बॅगेचं कातडं मी धारावीत जाऊन, हातात घेऊन आणलं. मानेच्या सुरकुत्या आणि तारेचा एक लांब ओरखडा असलेलं. तो ओरखडा मुद्दाम पुढच्या बाजूला घेतलाय.

गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ पुन्हा समोर आला. अकाउंटचं नाव वेगळं, गाव आता कानपूर. हात तोच, लाल खड्याची अंगठी तीच, आणि लायटर अजूनही मागच्याच बाजूला.